तहकूब राहिलेली वारी

शिवडीच्या किल्ल्यापासून उत्तरेकडे शीवच्या टेकडीपर्यंत खाडीच्या काठाने जी सखल आणि खारवट जमीन पसरली होती, जिच्यावर आज बंदराची कोठारे, रेल्वेचे फाटे, दाटीवाटीच्या झोपड्या आणि मोनोरेलचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, ती एके काळी मिठागरांची जमीन होती, हे वडाळ्यातून नित्य जाणाऱ्या माणसाच्या आज ध्यानातही येत नाही. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यावे, बांध घालून कोंडावे, उन्हात आटू द्यावे आणि पाऊस उंबरठ्यावर येण्यापूर्वी मीठ ओढून त्याच्या राशी कराव्यात, हा येथला उद्योग. 1930 च्या कायदेभंगात या मिठाला राजकीय प्रतिष्ठा लाभली. वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह्यांनी लागोपाठ धाडी घातल्या आणि 1 जून रोजी तर सुमारे 15 हजारांचा जमाव चिखल तुडवीत आत शिरला. इतिहासाच्या ग्रंथांत वडाळ्याचा मान त्या एका उन्हाळ्यापुरताच. मुंबईतल्या श्रमजीवी मराठी माणसाच्या मनात मात्र वडाळा म्हणजे विठोबा.

कात्रक रोडवरचे हे विठ्ठलमंदिर जवळजवळ चारशे वर्षांचे असल्याची येथील श्रद्धा आहे. मिठाचे व्यापारी पंढरपुरास जात, त्यांतल्या एकाला चंद्रभागेच्या पात्रात मूर्ती सापडली आणि तुकोबारायांच्या आशीर्वादाने तिची स्थापना येथे झाली, अशी कथा सांगतात. तिच्या सत्यासत्यतेचा कज्जा कोणत्याही दप्तरात निकालात निघण्यासारखा नाही. परंतु कोकणपट्टीचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जात असे, एवढे तरी निर्विवाद आहे, आणि ज्या वाटेने मीठ वर गेले त्याच वाटेने देव खाली आला, असे ज्या कोणी प्रथम सांगितले त्याला व्यापाराची आणि भक्तीची दोहोंचीही चांगली जाण असली पाहिजे. आज या स्थानाला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि आषाढी एकादशीला लालबाग, परळ, नायगाव, शिवडी अशा चहूबाजूंच्या वस्त्यांतून दिंड्या येथे लोटतात.

मूळच्या मीठवाल्यांचा हा देव गिरणीवाल्यांचा कसा झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढल्या अर्धशतकात परळ-लालबागचा सारा मुलूख धुराड्यांनी भरून गेला. 1896 मध्ये प्लेगने शहराची दाणादाण उडवल्यावर सरकारने 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, आणि त्या ट्रस्टाने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या उत्तरेकडच्या मोकळ्या भागांत रुंद रस्त्यांच्या आणि उद्यानांच्या वसाहतींचे आराखडे पाडले. त्यापूर्वी वडाळा हे शहराने नको असलेल्या गोष्टी नेऊन ठेवण्याचे ठिकाण होते. 1890 मध्ये येथेच महारोग्यांचे आश्रयस्थान उघडले, ते अ‍ॅक्वर्थ यांच्या नावाने आजही उभे आहे. (हा अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध करणाराही तोच. महारोग्यांची व्यवस्था आणि पोवाड्यांची जुळणी एकाच मेजावरून करणारा अंमलदार आपल्याला पुन्हा लाभलेला नाही.) नव्या वसाहतींत पारशी, दाक्षिणात्य आणि पांढरपेशे मराठी लोक राहावयास आले. गिरणीकामगार तेथे राहिला नाही, तो तेथे चालत आला. आणि मुख्यतः उतारवयात आला, हा या लेखाचा विषय आहे.

माझे बालपण ज्या चाळीत गेले तेथे एक साचेवाले आजोबा राहत. चाळीस वर्षे त्यांनी एकाच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. पहिल्या पाळीवरून आल्यावर डुलकी काढावी, सायंकाळी नाक्यावर पत्ते कुटावेत, पगाराच्या दिवशी क्वचित थोडी घ्यावी, संपाच्या दिवसांत लाल बावट्याच्या सभेला जावे आणि शिमग्याला गावी, असा त्यांचा क्रम. देवळात ते जात नसत असे नाही, पण जात ते वाटेत लागले म्हणून. हेच गृहस्थ गिरणीतून मोकळे झाले त्याच वर्षी गळ्यात तुळशीची माळ घालून आले, आणि मग त्यांनी असा काही नेम धरला की घरच्या माणसांची तारांबळ उडाली: पहाटे काकडा, दुपारी ज्ञानेश्वरी, सायंकाळी हरिपाठ, दर एकादशीला निराहार, आणि पंधरा दिवसांनी वडाळ्याची पायी खेप. चाळीने निदान ताबडतोब केले. म्हातारा मरणाला भ्याला.

हे निदान फार जुने आहे आणि फार आळशीही आहे. मनुस्मृतीने गृहस्थाला सांगून ठेवले आहे की अंगावर सुरकुत्या, डोईवर पांढरे केस आणि मांडीवर अपत्याचे अपत्य दिसू लागले म्हणजे अरण्याची वाट धरावी; त्या व्यवस्थेत उतारवयाची विरक्ती ही एक रीतसर पायरीच होती आणि तिला भयाचे कारण शोधण्याची गरज कोणाला पडली नाही. उलट पाश्चात्त्य मानसशास्त्राचा आरंभ झाला तो अगदी विरुद्ध टोकाने. एडविन स्टारबक या अमेरिकन अभ्यासकाने 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले की धर्मभावनेचा एकाएकी होणारा उद्रेक ही बहुधा दहा ते पंचवीस या वयांतली, विशेषतः कुमारवयातली, घटना होय. तो ज्या पंथांचे निरीक्षण करीत होता त्यांत तरुणांना भर सभेत पापाची कबुली देण्यास उभे करीत. म्हणून त्याला तरुण सापडले. आमच्या गिरणगावात तोच शोध घेतला असता तर बहुधा पन्नाशी-साठी उलटलेलेच सापडले असते, आणि त्याचे कारण मृत्यूच्या सान्निध्यापेक्षा गिरणीच्या हजेरीपुस्तकात अधिक आहे, असे माझे मत बनले आहे.

वारकरी पंथात प्रवेश म्हणजे माळ घालणे. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ अधिकारी वारकऱ्याच्या हातून गळ्यात पडली की माणूस माळकरी झाला. पण त्या माळेबरोबर एक कबुलायतही गळ्यात पडते. मद्यमांस वर्ज्य, एकादशीचे व्रत, नित्य हरिपाठ आणि वर्षातून किमान एकदा पंढरीची वारी. आता ही कबुलायत गिरणीकामगाराच्या आयुष्यापुढे ठेवून पाहावी. वारी म्हणजे रजा, आणि पालखीबरोबर आळंदीहून पायी जावयाचे तर तीन आठवड्यांची. 1890 पर्यंत येथल्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने त्या वर्षीच्या जून महिन्यापासून रविवार मोकळा मिळू लागला. रविवार हा खंडोबाचा वार आहे ही गोष्ट कामगारांना कोणी निराळी सांगावी लागली नसेल. परंतु रविवार मिळाला म्हणून आषाढ मिळाला असे झाले नाही. खाडा केला की पगार कापला जाई, आणि त्याहून वाईट म्हणजे साच्यावर बदलीवाला उभा राही. मुकादमाच्या मर्जीने लागलेली नोकरी मुकादमाच्या मर्जीनेच जात असे. तीन आठवडे विठ्ठलाच्या पायी घालवणाऱ्या माणसाला परत आल्यावर आपला साचा आपलाच राहील याचा जामीन साक्षात विठ्ठलही देऊ शकत नव्हता.

दुसरी अडचण मासळीची. ही गोष्ट वरून क्षुल्लक वाटते, म्हणूनच पंडितांच्या विवेचनात ती येत नाही. गिरणगावातील मोठी वस्ती रत्नागिरी जिल्ह्याची. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा गाववाले आळीपाळीने झोपत आणि एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत. त्या ताटात भात, आमटी आणि सुका बांगडा किंवा बोंबील यांखेरीज चवीचे दुसरे असे काय होते? बारा तासांची पाळी (1911 च्या कायद्याने ती बारावर आणली, 1934 च्या कायद्याने दहावर, आणि आठ तास व्हावयास तर त्याहूनही अधिक काळ जावा लागला) कापसाच्या तुसात काढून आलेल्या माणसाला मासळी सोड म्हणणे म्हणजे त्याच्या दिवसातील एकुलता एक आनंद सोड म्हणणे होय. घाटावरचे कामगार, सातारा-पुण्याकडचे, या बाबतीत थोडे सुखी. त्यांना पंथही घरचा होता आणि भाकरीही मासळीवाचून गोड लागे. कोकण्याने माळ घातली की तिचे मोल अधिक, हे गिरणगावात सगळेच जाणत.

आणि तिसरी अडचण कर्जाची. गावी म्हातारी आई, बायको, कोर्टात अडकलेला जमिनीचा तुकडा, बहिणीचे लग्न, मग मुलीचे. मनिऑर्डर गेल्यावर उरेल त्यात पठाणाचे व्याज. संत गाडगेबाबांनी गोरगरिबांना आयुष्यभर बजावले की ऋण काढून सण करू नका, देवाच्या नावाने खर्च करू नका, मुलांना शिकवा. त्यांची कीर्तने मुंबईत तुडुंब होत, आणि ती ऐकणाऱ्या कामगाराने घेतलेला अर्थ साधा होता: आधी घरची देणी, मग देव. असे असता तरुणपणी माळ न घालणारा कामगार अश्रद्ध होता असे म्हणणे म्हणजे मुदत न भरलेल्या खातेदाराला दिवाळखोर ठरवणे होय. त्याची भक्ती तहकूब झाली होती. लहानपणी गावच्या देवळात त्याने हरिपाठ ऐकला होता, सप्त्यात वडिलांच्या मागे टाळ धरून उभा राहिला होता, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी बोटीत किंवा आगगाडीत बसून तो मुंबईला आला तेव्हा ते सारे जसेच्या तसे गुंडाळून ठेवून आला. साठाव्या वर्षी त्याने ते गाठोडे सोडले, इतकेच.

हे गाठोडे सोडण्याचा क्षण कोणता, हेही ऐतिहासिक दृष्ट्या पाहण्यासारखे आहे. पूर्वी गिरणीकामगाराला म्हातारपण असे नव्हतेच. हात चालत तोवर साचा, आणि हात थांबले की गाव. 1952 च्या कायद्याने ज्या थोड्या उद्योगांना भविष्यनिर्वाह निधी प्रथम लागू झाला त्यांत कापडउद्योग होता, आणि 1972 मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. ‘फंड’ आणि ‘ग्रॅच्युटी’ हे दोन शब्द गिरणगावात अभंगाइतकेच पाठ झाले. हाती एकरकमी पैसा, मुलगा कुठेतरी चिकटलेला, मुलगी उजवलेली, देणी फिटलेली आणि सकाळ मोकळी: कर्तव्याची बाकी शून्यावर आलेली अशी सकाळ त्या वर्गाच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिली नव्हती. कायदे करणाऱ्यांच्या मनात हेतू काहीही असो, मुंबईत माळकऱ्यांची संख्या वाढवण्यास या दोन कायद्यांनी मोठमोठ्या कीर्तनकारांइतकाच हातभार लावला असावा, असे मला वाटते.

स्त्रियांची कथा याहून निराळी आणि अधिक गहन आहे. 1920 नंतरच्या दशकात गिरण्यांतील कामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या; नायकिणीच्या हुकमतीखाली त्या सूत गुंडाळण्याचे काम करीत आणि पुढे हळूहळू बाहेर काढल्या गेल्या. त्यांच्या भक्तीला रजेच्या आधी विटाळाची आडकाठी होती. महिन्यातील चार दिवस देव बंद, बाळंतपणात देव बंद, सासूच्या अमलात देव म्हणजे फक्त त्याची भांडी घासणे. वय उलटून तो व्यवहार थांबला, चूल सुनेच्या हाती गेली, आणि बाईला प्रथमच कोणाला न विचारता देवळाची पायरी चढता येऊ लागली. ज्या वयात पुरुषाचा अधिकार कमी होतो त्या वयात बाईचा वाढतो, म्हणून वडाळ्याच्या रांगेत म्हाताऱ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर जो एक विरघळलेपणा असतो तो म्हाताऱ्या बायांच्या चेहऱ्यावर नसतो. त्या ऐटीत उभ्या असतात. डोईवरची तुळस त्या अशी मिरवतात की जणू वतनाची सनदच. याला मरणाचे भय म्हणणाऱ्याने त्या फुगडी घालतात तेव्हा जवळ उभे राहून पाहावे.

परंतु याच परिसरात उतारवयातील धर्मश्रद्धेचा एक अगदी उलट मोहराही दिसतो, आणि त्याचा उल्लेख टाळला तर चित्र खोटे होईल. 31 मे 1936 रोजी दादर-नायगावच्या भूमीवर भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मुक्तीचा मार्ग कोणता या विषयावरील आपले भाषण केले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास प्रत्यक्ष धर्मांतर झाले. त्या दिवसानंतर डिलाईल रोडपासून नायगावपर्यंतच्या चाळींत घराघरांतून देव उतरले. तरुणांना ते सोपे गेले. चोखोबाचे अभंग गाण्यात ज्यांचा जन्म गेला, मंदिराबाहेर उभे राहूनही ज्यांनी वारी चुकवली नाही, त्या वृद्धांनी साठी-सत्तरीत गळ्यातली माळ काढून ठेवली आणि त्रिशरण पंचशील पाठ केले, याला काय म्हणावे? येथे तहकूब राहिलेली भक्ती पुन्हा सुरू झाली नाही; चालू असलेली भक्ती जाणीवपूर्वक मिटवली गेली आणि स्वाभिमानाच्या नव्या खात्यात सारे काही नव्याने मांडले गेले. पुढे वडाळ्याच्याच सिद्धार्थ विहार वसतिगृहात त्या घरांतील मुले शिकावयास राहिली आणि 1972 मध्ये जन्मलेल्या दलित पँथरच्या चर्चा तेथे रंगल्या. विठ्ठलमंदिर आणि सिद्धार्थ विहार ही दोन्ही स्थळे एकाच वडाळ्यात आहेत. दोहोंकडे तोंड करून उभे राहिल्याशिवाय गिरणगावच्या माणसाचा धर्म कळत नाही, आणि उतारवयात माणूस फक्त मागेच वळतो हा माझा स्वतःचा सिद्धान्तही तेथे थोडा लंगडा पडतो.

एक आक्षेप याहून कठोर आहे. इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉमसन याने 1963 च्या आपल्या ग्रंथात असे सुचवले की इंग्लंडमधील कामगारांत मेथॉडिस्ट पंथाला भरती आली ती बहुधा राजकीय आशा विझल्यावर आली. निराशेचे ते एक रूप होते. 1928 चा सहा महिन्यांचा संप पाहिलेल्या आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सर्वस्व गमावलेल्या गिरणगावाला हे सूत्र लावण्याचा मोह कोणालाही होईल. त्या दुसऱ्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतले कित्येक हजार कधीच खात्यात परतले नाहीत. भजनी मंडळे त्यानंतर अधिक भरली काय? भरली असतील, रिकामा हात टाळाकडे जातो. पण लाल बावटा आणि वीणा यांचे वैर पुस्तकांत जेवढे आहे तेवढे चाळीत कधीच नव्हते. सभेला जाणारा संध्याकाळी भजनाला जाई, आणि शाहिराचा डफ व भजन्याचा पखवाज पुष्कळदा एकाच माळ्यावर ठेवलेले असत. शिवाय भजनात एक गोष्ट घडत असे जी युनियनच्या कचेरीतही सहजासहजी घडत नव्हती. माळकऱ्याने माळकऱ्याच्या पाया पडावयाचे, वय-हुद्दा न पाहता, असा दंडक आहे. निवृत्त मुकादम आणि ज्याच्याकडून त्याने एके काळी नोकरीसाठी दस्तुरी वसूल केली तो बदलीवाला, हे दोघे वडाळ्याच्या मंडपात एकमेकांसमोर वाकताना मी पाहिले आहेत. मुकादमाला आधी वाकावयास किती कष्ट पडले तेही पाहिले आहे.

उतारवयातील भक्तीचा जाच होतो, हेही खरेच. आमच्या साचेवाल्या आजोबांनी घरातली मासळी बंद केली तेव्हा सुनेने दोन महिने अबोला धरला आणि नातू खाली खानावळीत जेवू लागला. त्यांचा आग्रह इतका का होता, नेम पाच मिनिटेही का ढळू देत नसत, याचे कोडे मला पुष्कळ वर्षे उलगडले नव्हते. देशावरचे पिढीजात वारकरी पाहिले तर त्यांची भक्ती सैल, हसरी, तंबाखू मळता मळता चालणारी असते; आणि हे मुंबईचे उशिरा आलेले माळकरी सैनिकासारखे ताठ. एकदा त्यांच्या मुलाने त्यांना विचारले, “बाबा, देव काय घड्याळ लावून बसलाय का? जरा झोपा की उशिरापर्यंत.” त्यावर ते म्हणाले, “खाडा चालत नाही रे.”

या शब्दातच सारे होते. भोंग्यावर चाळीस वर्षे उठलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट करण्याची एकच रीत ठाऊक असते: वेळेवर, पूर्ण आणि गैरहजेरीवाचून. त्याने देव गावाकडून आणला, पण देवाची चाकरी कशी करावी ते तो गिरणीत शिकला. 1982 च्या जानेवारीत भोंगे बंद पडले तेव्हा कित्येक घरांत लोक उशिरा उठू लागले, कारण उठून जावयाचे कोठे? आमचे आजोबा त्यापूर्वीच मोकळे झाले होते. पहिल्या पाळीचा भोंगा ज्या घटकेला होत असे त्या घटकेला त्यांच्या खोलीतला दिवा लागे, तांब्याचा आवाज होई आणि मग भिंतीपलीकडून टाळांचा पहिला नाद ऐकू येई. चाळीतल्या बायका त्या आवाजावर नळाला पाणी आल्याचे ओळखीत.